हात धुणे आणि हाताने शिकणे : ठाणे जिल्ह्यातील बालशिक्षणाचा एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले. मुलांचे हात-तोंड धुणे आणि परिसरातील वस्तू हाताळून शिकणे ही त्या कार्यात एकाच दिनक्रमाची दोन अंगे होती. पुढे अंगणवाडीचे रूपांतर शासकीय योजनेत झाले आणि शहरांत विज्ञानप्रसाराची चळवळ स्वतंत्रपणे वाढली. या वाटचालीत स्वच्छता एकीकडे आणि प्रयोगशीलता दुसरीकडे अशी विभागणी झाली. प्रस्तुत निबंधात या विभागणीचा इतिहास तपासला असून, तीन ते सहा वर्षे वयाच्या बालकासाठी ही दोन्ही अंगे पुन्हा एकत्र येण्याची गरज प्रतिपादन केली आहे.

बीजसंज्ञा : बालशिक्षण, अंगणवाडी, स्वच्छता, कृतिशील विज्ञान, ठाणे जिल्हा, ताराबाई मोडक, अनुताई वाघ

प्रस्तावना

मार्च २०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीमुळे महाराष्ट्र शासनाने १८९७ चा साथरोग अधिनियम लागू केला. शाळा, बालवाड्या आणि अंगणवाड्या बंद झाल्या. साबणाने हात धुण्याचा संदेश घरोघरी पोहोचला आणि त्यासोबत एक छोटा प्रयोगही लोकप्रिय झाला. ताटलीतील पाण्यावर मिरपूड पसरायची आणि साबण लावलेले बोट मध्यभागी बुडवायचे. मिरपूड झटकन कडेला पळताना पाहून मुले टाळ्या पिटत. हात धुण्याची सवय आणि हाताने केलेला प्रयोग यांची अशी सांगड अनेकांना नवी वाटली.

ठाणे जिल्ह्याच्या इतिहासात मात्र ही सांगड नवी नव्हे. सुमारे पाऊणशे वर्षांपूर्वी याच जिल्ह्याच्या उत्तर टोकाला ती एका शिक्षणपद्धतीचा पाया होती. येथे एक भौगोलिक खुलासा आवश्यक आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्ह्याची निर्मिती झाली. तोपर्यंत डहाणू तालुका व त्यातील बोर्डी आणि कोसबाड ही गावे ठाणे जिल्ह्यात होती. त्यामुळे ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या नागरी पट्ट्यातील बालशिक्षणाचा विचार करताना बोर्डी-कोसबाडचा वारसा परका मानता येत नाही.

हा वारसा काय होता, तो कसा विभागला गेला आणि आज त्याचे मोल काय, या तीन प्रश्नांचा विचार येथे ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीने केला आहे.

सक्तीची स्वच्छता

१८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आणि १८५४ साली कल्याणपर्यंत आगगाडी आली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली तेव्हा हेच लोहमार्ग रोगप्रसाराचे मार्ग ठरतील अशी भीती सरकारला वाटू लागली. कल्याण जंक्शन हे दख्खन आणि उत्तर हिंदुस्थान यांकडे जाणाऱ्या मार्गांचे मुख असल्याने तेथे प्रवाशांच्या तपासणीची व्यवस्था झाली. १८९७ च्या कायद्याने अधिकाऱ्यांना घरझडती, विलगीकरण व प्रवासबंदीचे व्यापक अधिकार दिले. या उपायांविषयी लोकांच्या मनात निर्माण झालेला रोष सर्वज्ञात आहे.

बालशिक्षणाच्या दृष्टीने या घटनेचे महत्त्व वेगळे आहे. सार्वजनिक स्वच्छता या भागातील सामान्य माणसाच्या अनुभवास प्रथम आली ती तपासणीच्या रूपाने. कोणीतरी वरून येतो, शरीर पाहतो आणि दोष दाखवतो, हे तिचे स्वरूप होते. शाळांमधील स्वच्छतेचा परिपाठही दीर्घकाळ याच वळणाचा राहिला. प्रार्थनेनंतर ओळीत उभे राहून नखे दाखवायची आणि ती वाढलेली असल्यास बोटांवर पट्टी खायची, हा अनुभव अनेक पिढ्यांच्या परिचयाचा आहे. अशा पद्धतीत मूल स्वच्छतेला भिते. स्वच्छता का हवी, हे त्याला उमगतेच असे नाही. बोर्डीच्या प्रयोगाचे वेगळेपण या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे.

रोम, भावनगर, दादर

डॉ. मारिया माँटेसोरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले. त्या स्वतः वैद्यकशास्त्राच्या पदवीधर होत्या. त्यांच्या पद्धतीत जीवनव्यवहाराच्या कृतींना मानाचे स्थान होते आणि हात धुणे ही त्यांतील एक प्रमुख कृती होती. मुलाच्या उंचीचे मेज, पेलेल असा छोटा जग, लहान घंगाळ, साबण आणि पुसण्याचे कापड अशी तिची मांडणी असे. पाणी न सांडता ओतणे, बोटांच्या बेचक्या चोळणे, हात पुसणे आणि जागा पूर्ववत करणे या क्रमाने मूल ती कृती पुन्हा पुन्हा करी. हाताचे नियंत्रण, कृतीचा क्रम आणि एकाग्रता यांचे शिक्षण त्यातून आपोआप होई. धुणे आणि शिकणे यांत येथे भेद नव्हता.

हा विचार पश्चिम भारतात रुजविण्याचे श्रेय गिजुभाई बधेका यांना जाते. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले. १९२३ मध्ये ताराबाई मोडक राजकोट येथील प्राचार्यपद सोडून त्यांना येऊन मिळाल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. मुंबईला परतल्यानंतर ताराबाईंनी १९३६ मध्ये दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू केले. मराठी मध्यमवर्गाला बालशिक्षणाची ओळख करून देण्यात या संस्थेचा वाटा मोठा आहे.

तथापि या कार्याची एक मर्यादा होती. माँटेसोरी साहित्य महाग होते आणि त्याचा लाभ शहरी, सुस्थित कुटुंबांतील मुलांपुरता राहत होता. ज्या पद्धतीचा जन्म रोमच्या गरीब वस्तीत झाला, ती हिंदुस्थानात सुखवस्तूंच्या घरी नांदत होती. ही विसंगती दूर करण्याच्या ध्यासातून ताराबाईंनी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी खेड्याची वाट धरली.

बोर्डी : अंगणातील सकाळ

१९४५ हे वर्ष ठाणे जिल्ह्याच्या इतिहासात विशेष महत्त्वाचे आहे. जानेवारीत कल्याण तालुक्यातील टिटवाळा येथे किसान सभेची परिषद भरली. तिला वारली प्रतिनिधी उपस्थित होते. त्यानंतर काही महिन्यांतच गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली उंबरगाव व डहाणू भागांतील वारली आदिवासींनी वेठबिगारीविरुद्ध लढा उभारला. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याच परिसरात ताराबाईंनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. बोरिवली येथील कस्तुरबा ट्रस्टच्या प्रशिक्षण शिबिरात भेटलेल्या अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. या दोन्ही घटनांचा थेट संबंध नव्हता. मात्र ज्या समाजाला आपल्या श्रमावर स्वतःचा हक्क नव्हता, त्याच समाजाच्या मुलांपर्यंत हे शिक्षण पोहोचायचे होते, ही गोष्ट लक्षात घेतल्याशिवाय त्याचे मोल कळत नाही.

सुरुवातीचा अनुभव निराशाजनक होता. बालवाडी उघडली, तरी दलित व आदिवासी वस्त्यांतील मुले तिच्यापर्यंत येत नव्हती. आईबाप पहाटेच कामावर जात; मोठे भावंड धाकट्याला सांभाळी किंवा गुरे राखी. तेव्हा बालवाडीनेच वस्तीवर जावे, असा निर्णय झाला. एखाद्या घरापुढचे अंगण झाडून घ्यायचे, मुले गोळा करायची आणि तेथेच शाळा भरवायची. ‘अंगणवाडी’ या शब्दाचा उगम या साध्या निर्णयात आहे.

अंगणवाडीची सकाळ स्वच्छतेने सुरू होई. मुलांचे हात, तोंड, डोळे, नाक स्वच्छ करणे, केस विंचरणे, नखे कापणे, गरज असेल तर आंघोळ घालणे ही कामे शिक्षिका स्वतः करी. पाठोपाठ गाणी, गोष्टी, खेळ आणि वस्तू हाताळण्याचे उद्योग येत. दोन्हींमध्ये घंटेची सीमा नव्हती.

या कृतीचा सामाजिक अर्थ मोठा होता. ज्या समाजात काही जातींच्या स्पर्शालाच विटाळ मानले जात होते, तेथे उच्चवर्णीय म्हणून जन्मलेल्या स्त्रीने अस्पृश्य मानलेल्या मुलाचे हात आपल्या हातांत घेऊन धुणे, ही अस्पृश्यतेला दिलेली कृतिशील नकारघंटा होती. प्लेगच्या काळातील तपासनीस अंतर राखून दोष शोधत असे. येथे शिक्षिका जवळ बसून काम करीत होती.

या प्रयोगाची चिकित्सकपणे नोंद घेणेही आवश्यक आहे. बाहेरून आलेली सुशिक्षित व्यक्ती आदिवासी मुलाला प्रथम ‘अस्वच्छ’ म्हणून पाहते, ही दृष्टी सदोष ठरू शकते. अस्वच्छतेचे मूळ अनेकदा सवयीत नसून पाण्याच्या, कपड्याच्या आणि आईच्या सवडीच्या अभावात असते. केवळ धुण्यावर थांबलेला कार्यक्रम दारिद्र्याचा दोष मुलाच्या अंगावर टाकतो. बोर्डीचे कार्य या धोक्यापासून बरेचसे वाचले, कारण धुतलेल्या हातांत लगेच काहीतरी दिले जात होते. मुलाचा हात मळलेला म्हणून धुतला जात होता, तसाच तो काही करू शकणारा म्हणूनही धुतला जात होता.

कोसबाड : परिसर हेच साहित्य

१९५७ च्या सुमारास हे केंद्र बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेले. येथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा यांचा एकत्रित विचार करणारी ‘विकासवाडी’ आकारास आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शिक्षकाने कुरणावर जावे, ही ‘कुरणशाळा’ची कल्पनाही याच कार्यातील. तिच्यातही अंगणवाडीचेच सूत्र होते. मूल जेथे असेल तेथे शाळेने जावे.

विज्ञानशिक्षणाच्या दृष्टीने कोसबाडचे महत्त्वाचे योगदान साहित्याच्या बाबतीत आहे. माँटेसोरी पद्धतीतील तत्त्व कायम ठेवून महाग वस्तूंच्या जागी बिया, खडे, पाने, फुले, बांबू, शंख-शिंपले अशा स्थानिक वस्तू वापरण्यात आल्या. चिंचोके आणि गुंजा निवडणे म्हणजे वर्गीकरण. खडे लहान-मोठे लावणे म्हणजे क्रम. पानांच्या कडा बोटाने चाचपणे म्हणजे निरीक्षण. विज्ञानाची प्राथमिक कौशल्ये म्हणून ज्यांची यादी पुढे अभ्यासक्रमांत आली, ती येथे ‘विज्ञान’ हे नाव न घेता घडत होती.

अशा साहित्याचा स्वच्छतेशी असलेला संबंध सहज ध्यानात येत नाही. मातीत, पानांत आणि बियांत हात घालणाऱ्या मुलाचे हात मळणारच. ते धुण्याची गरज कामातूनच निर्माण होते आणि ती मुलाला दिसते. स्वच्छ खोलीत, प्लॅस्टिकच्या वस्तूंशी खेळणाऱ्या मुलाला मात्र हात धुण्याचे कारण तोंडी सांगावे लागते. कोसबाडच्या पद्धतीत कारण आधी होते आणि उपदेश नंतर. पुष्कळदा उपदेशाची गरजच उरत नसे.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण हा सन्मान मिळाला. १९७३ मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर अनुताईंनी १९९२ पर्यंत, आपल्या अखेरीपर्यंत, ही धुरा वाहिली. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे त्यांचे आत्मकथन या काळाचा मोलाचा दस्तऐवज आहे.

योजना झालेली अंगणवाडी

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि तिच्या केंद्रांना ‘अंगणवाडी’ हे नाव मिळाले. एका तालुक्यातील शब्द देशव्यापी झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ व २००६ मधील आदेशांनंतर योजनेचा विस्तार वेगाने होऊन केंद्रांची संख्या सुमारे १४ लाखांवर गेली. पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक शालापूर्व शिक्षण अशा सहा सेवा तिच्याकडे सोपविण्यात आल्या.

या विस्ताराचे महत्त्व निर्विवाद आहे. मात्र सहा सेवांपैकी आहार, लसीकरण आणि वजन यांची मोजणी करता येते. मुलाच्या कुतूहलाची नोंद वहीत होत नाही. साहजिकच सेविकेचा वेळ नोंदी ठेवण्याकडे वळला आणि शालापूर्व शिक्षण मागे पडले. हात धुणे टिकले, परंतु जेवणाआधीचा नियम म्हणून. ज्या कामातून त्याची गरज निर्माण होत होती, ते हाताचे काम बहुतांशी लोपले. अंगणही गेले. ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या चाळी व झोपडवस्त्यांत अनेक अंगणवाड्या एका लहान भाड्याच्या खोलीत भरतात. तेथे बिया पसरायला जागा नसते आणि नळही बहुधा खोलीबाहेर असतो.

शहरातील प्रयोगशीलता

अंगणवाडीत हाताचे काम आक्रसत असताना शहरी भागात कृतिशील विज्ञानाची चळवळ जोम धरत होती. १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. १९७२ मध्ये मध्य प्रदेशात होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला आणि सहावी ते आठवीच्या ग्रामीण मुलांनी प्रयोगांतून विज्ञान शिकावे, हा विचार त्याने सिद्ध करून दाखविला. १९७४ मध्ये मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र उभे राहिले. १९९३ पासून राष्ट्रीय बालविज्ञान परिषद भरू लागली आणि महाराष्ट्रातील तिच्या आयोजनाची जबाबदारी ठाण्याच्या जिज्ञासा ट्रस्टने दीर्घकाळ सांभाळली. आपल्या परिसरातील प्रश्न निवडून त्यावर गटाने प्रकल्प करण्याची या परिषदेची रीत ठाणे-डोंबिवलीच्या अनेक शाळांत रुजली.

या चळवळीची वयोमर्यादा मात्र बोलकी आहे. बालविज्ञान परिषद १० ते १७ वयोगटासाठी आहे आणि होशंगाबाद कार्यक्रमही सहावीपासून सुरू होत असे. म्हणजे प्रयोगाचा अधिकार मुलाला साधारण दहाव्या-अकराव्या वर्षी मिळतो, असे गृहीत धरले गेले. तीन ते सहा वयाचे मूल विज्ञानाच्या कक्षेबाहेर राहिले. खासगी बालवर्गांची संख्या वाढली, पण त्यांतील पुष्कळ ठिकाणी लेखन-वाचनाची घाई वस्तू हाताळण्याच्या आड आली.

अशा रीतीने बोर्डीच्या अंगणात एकत्र असलेली दोन अंगे वेगळी झाली. गरीब वस्तीतील लहान मुलाच्या वाट्याला स्वच्छतेचा नियम आला आणि सुस्थित कुटुंबातील मोठ्या मुलाच्या वाट्याला प्रयोग. ही विभागणी कोणी हेतुपुरस्सर केली नाही. दोन स्वतंत्र व्यवस्था आपापल्या गरजेनुसार वाढल्या, त्याचा तो परिणाम होय. परंतु तिची किंमत दोन्हीकडील मुलांनी मोजली आहे.

मिरपूड आणि हळदीचा हात

हात धुण्याच्या उपयुक्ततेविषयी आता शंका उरलेली नाही. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये क्लोरिनयुक्त चुन्याच्या द्रावणाने हात धुण्याची सक्ती करताच मातामृत्यूंचे प्रमाण झपाट्याने घटले. कराचीतील गरीब वस्त्यांतील एका अभ्यासाचे निष्कर्ष २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. साबणाने हात धुण्यास प्रोत्साहन दिलेल्या कुटुंबांत पाच वर्षांखालील मुलांमधील न्यूमोनियाचे प्रमाण ५० टक्क्यांनी आणि पंधरा वर्षांखालील मुलांमधील अतिसाराचे ५३ टक्क्यांनी कमी आढळले.

खरा प्रश्न सवयीचा आहे. आंध्र प्रदेशातील चित्तूर जिल्ह्यात झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोगजंतूंची भीती न दाखवता गोष्ट, नाट्य, किळस आणि आईची माया यांवर आधारित मोहीम राबविली गेली. सहा महिन्यांनंतर मोहीम झालेल्या गावांत योग्य प्रसंगी साबणाने हात धुण्याचे प्रमाण ३७ टक्के, तर इतर गावांत ६ टक्के होते. माहितीपेक्षा अनुभव आणि भावना सवय घडवितात, हे यातून दिसते. आनंददायी पद्धत ही केवळ सजावट नसते. परिणाम तिच्यावर अवलंबून असतो.

मात्र आनंददायी कृती अचूकही हवी. मिरपुडीच्या प्रयोगात साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण त्या जागी घटतो, कडेचे पाणी पृष्ठभाग आपल्याकडे ओढते आणि तरंगणारी मिरपूड त्याबरोबर वाहून जाते. ‘जंतू साबणाला घाबरून पळतात’ असा त्याचा अर्थ लावणे चुकीचे आहे. शिवाय बोट नुसते बुडविणे पुरेसे आहे, असा समज मुलाच्या मनात रुजू शकतो. प्रत्यक्षात साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याला व दुसरे तेलाला धरते. त्यामुळे तेलकट मळ सुटतो, कोरोनासारख्या विषाणूचे मेदयुक्त आवरण फाटते आणि चोळण्याने सुटे झालेले सारे वाहत्या पाण्याबरोबर निघून जाते.

हे तत्त्व दाखविणारी कृती कोणत्याही स्वयंपाकघरातील वस्तूंनी करता येते. मुलाच्या तळहातावर तेलात कालवलेली हळद चोळावी. प्रथम नुसत्या पाण्याने हात धुवावेत. पिवळेपणा बराचसा तसाच राहतो. नंतर साबण लावून नुसते पाणी ओतावे आणि शेवटी नखे, अंगठा व बोटांच्या बेचक्या चोळून धुवावे. कोठे पिवळे उरले, हे मूल स्वतः शोधते. साबणाऐवजी रिठ्याचा फेस वापरून तुलना करता येते. येथे अंदाज, निरीक्षण, तुलना आणि दुरुस्ती ही विज्ञानाची सारी पावले चार वर्षांच्या मुलाकडून घडतात आणि त्याच वेळी हातही स्वच्छ होतात. ही कृती कोसबाडच्या परंपरेत सहज बसणारी आहे.

या कृतीला पाणी मात्र लागते. एका मुलाचे हात धुण्यास अर्धा लिटर पाणी धरले, तर तीस मुलांना दिवसातून दोनदा हात धुण्यासाठी तीस लिटर पाणी हवे. ज्या जिल्ह्यातील तानसा व भातसा यांचे पाणी मुंबईची तहान भागवते, त्याच जिल्ह्यातील शहापूर तालुक्याचे अनेक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. अशा ठिकाणी सवयीचा अभाव हे निदान अन्यायकारक ठरते. नळ आणि साबण यांची तरतूद हा शैक्षणिक साहित्याचाच भाग मानला पाहिजे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, ठाणे जिल्ह्यात स्वच्छतेचे शिक्षण प्लेगच्या काळातील सक्तीपासून बोर्डीच्या अंगणातील सहभागापर्यंत आले आणि योजनेच्या विस्तारात पुन्हा काही अंशी नियमाकडे झुकले. हाताने शिकण्याची परंपरा कोसबाडच्या टेकडीवर बहरली, पण शहरी विज्ञान चळवळीत तिचे वय वाढले आणि लहान मूल तिच्याबाहेर राहिले.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत स्तर मानला आणि २०२२ मध्ये त्यासाठी स्वतंत्र अभ्यासक्रम आराखडा आला. अंगणवाडी आणि शाळा यांतील भिंत कागदावर तरी हटली आहे. ही संधी खेळण्यांचे आणखी एक खोके वाटून वाया जाऊ नये. ठाणे, कल्याण व डोंबिवलीतील महाविद्यालयांच्या विज्ञान, गृहविज्ञान, समाजकार्य आणि शिक्षणशास्त्र विभागांना, तसेच राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांना, जवळच्या अंगणवाडीशी जोडून घेता येईल. सेविकेचा नोंदींचा भार थोडा हलका करणे, पाण्याची सोय पाहणे आणि परिसरातील वस्तूंतून साहित्य तयार करणे ही कामे मोठ्या निधीवाचून होऊ शकतात.

ताराबाई व अनुताईंनी मुलाचा हात प्रथम हातात घेतला, धुतला आणि मग त्यात एक बी ठेवली. या तीन कृतींपैकी एकही वगळली, तर उरलेल्या दोन अपुऱ्या पडतात. ज्या जिल्ह्याने देशाला ‘अंगणवाडी’ हा शब्द दिला, त्या जिल्ह्याने तिचा मूळ आशयही जपावा, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.